कथेवर वाचनं दिसतात, पण वाचक नक्की किती?

पानगळ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय, आज विचारूनच टाकते. मी ऑनलाइन कथा लिहिते. सध्या एक दीर्घकथा भागाभागाने टाकते आहे. पहिल्या भागावरचा वाचनांचा आकडा चांगला चार अंकी आहे. प्रतिसादही येतात, पण सगळे एकाच साच्यातले. 'खूप छान', 'अप्रतिम', 'मस्त लिहिता, माझीही कथा वाचा'.

म्हणून परवा मुद्दाम एक खोडी काढली. तिसऱ्या भागापर्यंत मालती असलेली माझी नायिका चौथ्या भागात सुमन केली. कारण नाही, खुलासा नाही. कोणी चकार शब्द काढला नाही. प्रतिसाद मात्र आले: 'नेहमीप्रमाणेच सुंदर भाग'!

मग ही वाचनं आहेत कोणाची? खरा वाचक मिळवायचा तर काय करायचं? 'तू माझं वाच, मी तुझं वाचतो' अशा एका गटातही मी आहे. त्यात राहावं की बाहेर पडावं, तेही सांगा.

कुंपणावरचा
मालतीची सुमन... हसून हसून पुरेवाट.
बाकी चर्चा वाचतोय.

शंकासूर
सरळ सांगतो, राग मानू नका. वाचक मिळवणं वगैरे काही नसतं. साइट ज्याला पहिल्या पानावर ठेवते त्याला वाचक मिळतात. बाकीच्यांनी एकमेकांची पाठ थोपटावी. 'चांगलं लिहा, वाचक आपोआप येतील' हे ज्यांच्याकडे वाचक आधीच आहेत तेच सांगतात.

टाकबोरू
शंकासूर, तुमच्या मुद्द्याकडे नंतर येतो. आधी हा आकडा म्हणजे काय ते बघू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे.

पुष्कळ ठिकाणी पान उघडलं की एक वाचन पडतं. माणूस पहिल्या ओळीवरून माघारी गेला की शेवटच्या ओळीपर्यंत पोचला, हे त्या आकड्याला कळत नाही. दुसरी गोष्ट बेरजेची. वॉटपॅड ही २००६ पासूनची जागा. तिथे कथेवर दिसणारी वाचनं ही सगळ्या भागांची मिळून असतात. म्हणजे ४० भागांच्या कथेवर ४,००० दिसले तर ते चार हजार वाचक नव्हेत. प्रत्येकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचलं असं धरलं तर शंभर. आणि तसं कधी होत नाही. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनकथांच्या जागी उलट गंमत आहे. तिथे 'कुडोज', म्हणजे आवडल्याची खूण, एका वाचकाला एका कथेवर एकदाच देता येतात. त्यामुळे ३० भाग निष्ठेने वाचणारा आणि पहिल्या भागावर खूश होऊन निघून गेलेला, दोघंही तिथे सारखेच दिसतात.

तेव्हा बेरीज बाजूला ठेवा आणि भागवार आकडे कागदावर मांडा. समजा असे आले: १,२००, ३००, २७०, २६०, २५५. लोक इथे १,२०० बघून हुरळतात किंवा ३०० बघून खचतात. पण ही कथा चांगली चालली आहे! दुसऱ्या भागाला जो आला तो जवळपास हललाच नाही. ९०० जण पहिल्या भागावरूनच का गेले, एवढाच प्रश्न उरतो. आता दुसरी कथा बघा: १,२००, ९००, ५००, २००, ६०. इथे सुरुवात माणसाला आत ओढते आणि पुढे कथा पकड सोडते. दोन्ही दुखणी वेगळी, औषधंही वेगळी. एक काळजी घ्या, कालच टाकलेला भाग या हिशेबात धरू नका. त्याला अजून वाचक पोचायचे असतात.

आता गट. बाहेर पडा. गटातली माणसं वाईट असतात म्हणून नव्हे. रोज दहा जणांच्या कथा वाचायच्या ठरल्या की कोणीही अंगठ्याने पान सरकवत शेवट गाठणार आणि 'अप्रतिम' लिहून मोकळा होणार. अहो रूपम् अहो ध्वनिः. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडलं होतं. आज ते सगळीकडे लावलं जातं: एखादं मोजमाप हेच उद्दिष्ट होऊन बसलं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. वाचनसंख्येचं अगदी हेच झालंय.

शिवाय गटाचा एक छुपा तोटा आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. गटातले लोक पहिला भाग उघडतात, हजेरी लावतात आणि दुसऱ्याकडे फिरकत नाहीत. आकड्यांत ते कसं दिसतं? दुसरा भाग फसल्यासारखं. मग तुम्ही चांगला जमलेला दुसरा भाग उगाच खरडत बसता.

वाचनवेडी
मी एक अक्षर लिहीत नाही, फक्त वाचते. त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगते.

रात्री आडवी पडून, एका हातात फोन धरून वाचते. तशा अवस्थेत मराठी टंकून प्रतिसाद द्यायचा म्हणजे शिक्षा. पण एखादा लेखक आवडला की त्याचं जुनं सगळं लेखन शोधून वाचून काढते. पार त्याच्या पहिल्या अडखळत्या कथेपर्यंत. त्या लेखकाला याचा पत्ताही नसतो. तेव्हा पानगळ, मालतीची सुमन झालेली कोणाला कळलीच नाही असं समजू नका. मला कळली असती, मी मागे जाऊन दोनदा तपासलं असतं, 'चुकून झालं असेल' म्हणाले असते आणि पुढे वाचलं असतं. लिहिलं काहीच नसतं.

आता सोडून का देते ते. भागाच्या सुरुवातीला 'उशिराबद्दल क्षमस्व, घरात पाहुणे, तब्येत बरी नव्हती' असा परिच्छेद, मग मागच्या भागाचा सारांश, आणि मग जेमतेम दोन पडदे भरेल एवढी कथा. तिथेच क्रमशः. पात्रांची ओळख एका दमात: नायिका, तिच्या दोन बहिणी, त्यांचे नवरे, ऑफिसातल्या चार मैत्रिणी. फोनवर परिच्छेद न पाडलेला मजकूर म्हणजे भिंत दिसते हो, भिंत. पुढच्या भागाचा दुवा नसणं. हे तर मला कळतच नाही, इतकी मेहनत करून लिहिता आणि पुढे जायला वाट ठेवत नाही? आणि सगळ्यात वैताग आणणारी गोष्ट म्हणजे शेवटी 'आवडलं तर कळवा, नाही कळवलं तर पुढचा भाग टाकणार नाही'. अशी धमकी दिली की मी त्या लेखकाकडे परत जात नाही.

अर्धविराम
वाचनवेडी, तुमचा प्रतिसाद फ्रेम करून लावायला हवा.

याला जोडूनच: वेबसाइटच्या वापरसुलभतेवर लिहिणाऱ्या जेकब निल्सनने २००६ मध्ये ९०-९-१ असा ढोबळ नियम मांडला होता. ऑनलाइन समूहात साधारण ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून सहभागी होतात आणि बराचसा मजकूर उरलेला १ टक्का तयार करतो. प्रमाण जागेप्रमाणे बदलत असेल, पण प्रकार ओळखीचा आहे. म्हणजे प्रतिसादांवरून वाचक मोजायला गेलात तर वाचनवेडींसारखा सगळ्यात निष्ठावान वाचक तुमच्या हिशेबात येणारच नाही, आणि 'माझीही वाचा'वाले तेवढे येतील.

निशाचर
मी भयकथा लिहितो, मालिका स्वरूपात. त्या अनुभवावरून थोडं.

शंकासूर म्हणतात त्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करून टाकू. भय, प्रेम, रहस्य यांना मालिकेत वाचक पटकन मिळतो. तरल, काही न घडणाऱ्या कथेला मिळत नाही, ती कितीही चांगली असो. तशा कथा लिहिणाऱ्याने माझ्या आकड्यांशी स्वतःची तुलना करून जीव जाळू नये.

पण पहिल्या पानावर येणं म्हणजे वाचक मिळणं नव्हे. मी एकदा आलो होतो. आकडा उसळला, आठवड्याभरात सगळे पांगले. टिकले ते वेगळ्याच वाटेने आलेले.

त्यातली एक वाट म्हणजे पूर्ण झालेली कथा. अर्धवट सोडलेल्या मालिकांनी वाचक इतके पोळलेत की 'पूर्ण' दिसल्याशिवाय हात लावायचाच नाही असं ठरवलेले खूप जण आहेत. म्हणून आता मी अख्खी कथा लिहून ठेवतो आणि मगच पहिला भाग टाकतो. वार ठरलेला, वेळ ठरलेली. ज्या दिवशी कथा पूर्ण होते, त्यानंतर तिच्यावर नवा वाचक येऊ लागतो. हा वाचक एका बैठकीत सगळं संपवतो आणि तिथून तुमच्या दुसऱ्या कथेकडे वळतो. मालिका चालू असतानाच्या गजबजाटापेक्षा मला तोच मोलाचा वाटतो.

दुसरी वाट म्हणजे आपण स्वतः कसे वाचतो. दुसऱ्याच्या कथेखाली 'छान' लिहून आलात तर त्याचा उपयोग ना त्याला ना तुम्हाला. हेच असं लिहून बघा: 'किल्लीचा उल्लेख दुसऱ्या भागात आला तेव्हाच शंका आली होती, पण संशय धाकट्या भावावर होता. सासऱ्यांनी ती किल्ली देवघरात का ठेवली, ते मात्र अजून पटलं नाही.' लेखक तुमचं नाव विसरणार नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. त्या कथेचे वाचकही प्रतिसाद वाचत असतात. एवढ्या बारकाईने वाचणारा माणूस लिहितो कसा, या कुतूहलाने ते तुमच्या नावावर टिचकी मारतात. फक्त प्रतिसादाखाली स्वतःच्या कथेचा दुवा चिकटवू नका. चिकटवलात की वरचं सगळं वाया.

जाता जाता एक जुना दाखला. चार्ल्स डिकन्सची पहिली कादंबरी १८३६ साली मासिक भागांत निघू लागली तेव्हा सुरुवातीचे भाग फारसे खपले नव्हते. चौथ्या भागात सॅम वेलर नावाचा एक हजरजबाबी नोकर आला आणि चित्र पालटलं. शेवटाकडे महिन्याला ४०,००० प्रती जात होत्या. डिकन्सने सॅमला पुढे भरपूर जागा दिली. वाचक कशाला हसतोय, कुठे थांबतोय, याकडे कान ठेवणं हे मालिका लिहिणाऱ्याचं कामच आहे.

शंकासूर
डिकन्सला पदरी प्रकाशक होता, छापखाना होता, चित्रकार होता. आमच्याकडे फोन आणि रिकामा रविवार. आणि वाचकाकडे कान ठेवायचं म्हणजे काय? त्याला हवं ते लिहायचं? मग कथा माझी कशी राहिली?

निशाचर
हवं ते लिहायचं असं कुठे म्हटलं? माझ्या एका कथेत खलनायक सगळ्यांना आवडू लागला, 'त्याला मारू नका' म्हणून मागे लागले. मी मारलाच. पण मरायच्या आधी त्याला आणखी दोन भाग दिले. कान ठेवणं म्हणजे एवढंच.

शंकासूर
बरं. हे चालण्यासारखं आहे.

अर्धविराम
मला मात्र टाकबोरूंनी सांगितलेल्या त्या ९०० लोकांची चिंता वाटते. पानगळ, कथेचं नाव आणि सुरुवातीचा परिच्छेद इथे टाकाल का? हवेत बोलण्यापेक्षा समोर ठेवून बघू.

पानगळ
टाकते. नाव: 'एक अनामिक नातं – भाग १'.

'सांजवेळचा गार वारा खिडकीच्या पडद्यांशी लपंडाव खेळत होता. दूरवर पक्ष्यांचे थवे घरट्यांकडे परतत होते. गजर वाजला तशी मालती डोळे चोळत उठली. आज पुन्हा तीच रात्रपाळी, तीच धावपळ. तिने आरशात पाहिलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं कालपेक्षा जरा जास्तच गडद वाटत होती. आयुष्य किती झपाट्याने बदलतं, नाही? तिच्या मनात विचार आला...'

मालती रुग्णालयात परिचारिका आहे. यानंतर ती तयार होते, कामावर पोचते, सहकाऱ्यांशी बोलते. मग मुख्य प्रसंग:

'नऊ नंबरच्या खाटेवरचा माणूस तीन आठवडे बेशुद्ध होता. मालती सलाइन बदलत असताना त्याने डोळे उघडले आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "बेबी, दार लावून घे." बेबी तिला फक्त आई म्हणायची. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.'

कुंपणावरचा
बाप रे. काटा आला. ही कथा कुठे आहे? आधी दुवा द्या.

अर्धविराम
बघा, कुंपणावरचे कुंपणावरून उतरले. कशाने उतरले? पडद्यांच्या लपंडावाने नाही.

तुमची कथा 'नऊ नंबरच्या खाटेवरचा माणूस' इथे सुरू होते. आधीचं सगळं नमनाला घडाभर तेल. आणि जो वाचक माघारी गेला तो तेलातच घसरला, खाटेपर्यंत पोचलाच नाही. ते वाक्य उचलून अगदी वर आणा. तिची रात्रपाळी, थकवा, वर्तुळं, सगळं त्यानंतर दोन ओळींत सांगता येईल. किंबहुना तेव्हा ते जास्त भिडेल, कारण वाचकाला आता प्रश्न पडलेला असेल की ही बाई झोपेअभावी भलतंच ऐकतेय की काय. तुम्ही जो थकवा सजावट म्हणून लिहिला होता तो कथेचा भाग होईल.

'आयुष्य किती झपाट्याने बदलतं, नाही?' हे वाक्य काढाच. अजून काही बदललेलं नाही.

नावाबद्दल. 'अनामिक नातं' शोधून बघा, त्याच नावाच्या किती कथा सापडतात. मग 'अनामिका', 'नातं तुझं माझं', 'ऋणानुबंध'. यादीत शीर्षकांची रांग लागलेली असते आणि वाचक ती क्षणभरात खाली ढकलतो. तिथे 'नऊ नंबरची खाट' दिसलं तर बोट थबकतं. कोणाची खाट, काय झालं तिथे? 'अनामिक नातं' वाचून एकही प्रश्न पडत नाही.

वाचनवेडी
+१. आणि सारांशात 'माझा पहिलाच प्रयत्न, सांभाळून घ्या' असं असेल तर तेही काढा. सांभाळून घ्यायला मी येत नाही, गोष्ट ऐकायला येते.

पानगळ
होतं तसंच :) काढते.

एक शंका. मी मालिकेखेरीज छोट्या कथाही लिहिते. तिथे पुढचा भाग नाही, त्यामुळे कोण टिकलं ते कळतच नाही. त्यांचं काय करायचं?

टाकबोरू
छोट्या कथांना वाचक मिळवणं अवघड खरंच. तिथे पुढचा भाग ओढून नेत नाही, तुमचं नावच पुढे न्यायला हवं. दोन गोष्टी करून बघा. कथेच्या शेवटी तुमच्याच एका कथेचा दुवा द्या. एकाच! दहा दुवे दिले की यादी होते आणि यादीवर कोणी टिचकी मारत नाही. ती कथाही तशाच चवीची निवडा. विनोदी कथेखाली रडकी नको. तिच्यावर पहिलीतून किती जण येतात, तोच तुमचा 'भाग २' समजा.

दुसरं म्हणजे लेखन उपक्रम. शतशब्दकथा किंवा दिलेल्या पहिल्या ओळीवरून कथा, असं काही. तिथे लोक सगळ्या प्रवेशिका वाचतात, एकमेकांशी ताडून बघतात, वाद घालतात. बक्षीस मिळो न मिळो, एरवी तुमच्या वाटेला न जाणारा वाचक शंभर शब्दांपुरता का होईना तुमच्यापाशी थांबतो. त्या शंभर शब्दांत जमलं तर तो मागचं लेखन उघडून बघतो.

बाहेरच्या व्हॉट्सॲप गटांवर, नातेवाइकांना दुवे पाठवणं यावर मी फार वेळ घालवणार नाही. मावशी वाचते ती तुमच्यासाठी, कथेसाठी नाही. तिचा आशीर्वाद घ्या, पण तिचं मत आकड्यांत धरू नका.

निशाचर
मावशीने माझी भयकथा वाचून आईला फोन केला होता, 'पोराचं सगळं बरं चाललंय ना?'

शंकासूर
हा धागा वर राहू द्या. मला अजूनही वाटतं की नशिबाचा भाग मोठा आहे आणि इथे कोणी ते मोठ्याने म्हणत नाही. एकाच दिवशी, एकाच तोडीच्या दोन कथा येतात, एक तरंगते, एक बुडते. पण भागवार आकडे मांडायची कल्पना पटली. माझे मांडले. माझी दुसऱ्या प्रकारची कथा आहे, हळूहळू गळणारी. तिसऱ्या भागात मी फ्लॅशबॅक टाकलाय, नेमके तिथून लोक गेलेत. नशिबाला दोष देण्याआधी तो फ्लॅशबॅक निम्मा करून बघतो.

पानगळ
शेवटचं विचारते. पहिला भाग दुरुस्त करून नव्याने टाकू, की आहे त्याच पानावर संपादन करू? नाव बदललं तर जुने वाचक गोंधळतील का?

टाकबोरू
त्याच पानावर करा. नव्याने टाकलात तर जुने प्रतिसाद आणि कोणी साठवलेल्या वाचनखुणा मागेच राहतील. वर एक ओळ पुरे: 'ही कथा आधी अमुक नावाने येत होती.' सगळ्या भागांची नावं एकाच वेळी बदला, नाहीतर अर्धे एका नावाने आणि अर्धे दुसऱ्या, असा घोळ होईल.

आणि ज्या दिवशी बदलाल त्या दिवशीचे भाग १ आणि भाग २ चे आकडे लिहून ठेवा. नाहीतर जुन्या गर्दीत नवे मिसळतील आणि काही कळणार नाही. तिथून पुढे भाग १ वर नवे शंभर आले की भाग २ वर किती वाढले ते बघा.

शंकासूर
आणि वाढलेच नाहीत तर?

टाकबोरू
तर भाग १ चा शेवट बघावा लागेल. सुरुवात सुधारली तरी पुढच्या भागाला ढकलणारा असतो तो शेवट. पानगळ, तो शेवटचा परिच्छेदही इथे टाका, अर्धविराम आहेतच.